शाळेचं नेटवर्क दुपारी बंद पडतं : स्टार, बस, रिंग आणि त्यापलीकडचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ राहील. तालुक्याच्या गावातली शाळा. संगणक कक्षात २४ संगणक, कार्यालयात चार, मुख्याध्यापकांकडे एक आणि मैदानापलीकडच्या विज्ञान इमारतीत एक, असे एकूण तीस. शिक्षकांच्या खोलीत वायफायसाठी नंतर एक वेगळा राउटर आणून जोडला. सकाळी सगळं नीट चालतं. दुपारनंतर काही संगणकांवरचं इंटरनेट जातं, काहींवर राहतं. कार्यालयातला प्रिंटर कधी दिसतो, कधी नाही. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं की सुधारतं. आणि तुम्ही विचारलंय की पुस्तकात बस, स्टार, रिंग, मेश असे प्रकार दिलेत, तर आमचं नेटवर्क यातलं कोणतं, आणि ते बदलून घ्यावं का.

यात दोन प्रश्न मिसळलेत. तारा कुठून कुठे गेल्यात, हा एक. त्या तारांवरच्या यंत्रांना पत्ते कोण देतं आणि कोणी कोणाशी बोलायचं, हा दुसरा. पुस्तकातले प्रकार पहिल्या प्रश्नाबद्दल बोलतात. तुमचा बिघाड, सांगितलेल्या लक्षणांवरून, बहुधा दुसऱ्यातला आहे. शाळा, पतसंस्था, छोटी रुग्णालयं अशा ठिकाणी नेटवर्क बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करतोय. ‘काहींचं चालतं, काहींचं नाही, बंद-चालू केलं की बरं होतं’ असं कुणी सांगितलं, की मी केबलला हात लावण्याआधी पत्ते बघतो. ते का, हे खाली येईलच. पण पुस्तकातल्या आकृत्या कुठून आल्या हे कळलं की पुढचं सोपं जातं, म्हणून तिथून सुरुवात करतो.

बस ही रचना म्हणजे एकच लांब केबल आणि तिला सगळे संगणक चिकटलेले. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटवर, म्हणजे संगणक केबलने जोडण्याच्या आजच्या रूढ पद्धतीवर, काम सुरू केलं, ते असंच होतं. पुढे जी पातळ कोॲक्स केबल सर्रास वापरली गेली, तिचा एक तुकडा जास्तीत जास्त १८५ मीटरचा आणि त्यावर ३० जोडण्या. दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लावावे लागत. मधला एक जोड सैल झाला की सगळ्यांचं बंद, आणि तो जोड शोधायला एकेका टेबलाखाली वाकायचं. रिंगचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आयबीएमने १९८५ मध्ये बाजारात आणलेलं टोकन रिंग. त्यात बोलण्याची पाळी फिरत असे. पण गंमत अशी की त्याच्याही तारा प्रत्यक्षात एका मधल्या पेटीपर्यंतच जात. म्हणजे संदेश गोल फिरायचा आणि केबल मात्र ताऱ्यासारखी पसरलेली. आकृतीतला आकार आणि माहितीचा प्रवास या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे विद्यार्थ्यांना शिकवताना आवर्जून सांगा. पुस्तकात ते बहुतेक वेळा सुटतं.

१९९० मध्ये पिळाच्या तारांवरचं इथरनेट प्रमाणित झालं आणि प्रत्येक संगणकाची केबल मधल्या हबपर्यंत नेण्याची पद्धत रुळली. हब दिसायला स्टार होता, पण एका पोर्टवर आलेलं सगळीकडे ओरडून सांगायचा, म्हणजे आतून बसच. स्विच आला तेव्हा खरा फरक पडला. स्विच प्रत्येक पोर्टवर कोणतं यंत्र आहे हे त्याच्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्यावरून लक्षात ठेवतो आणि माहिती फक्त त्याच पोर्टला देतो. आज कुठल्याही कार्यालयात तुम्हाला स्विचभोवतीचा स्टार, किंवा असे अनेक स्टार एकमेकांना जोडून झालेलं झाड दिसेल.

मग रिंग आणि मेश कालबाह्य झाले का? मुळीच नाही. फक्त ते खोलीतून बाहेर पडले. जिथे केबल तुटण्याची शक्यता जास्त आणि तुटल्याचं नुकसान मोठं, तिथे ते लागतात. रस्त्याकडेची फायबर जेसीबीने तोडली की अख्ख्या पट्ट्यातलं इंटरनेट जातं, हा अनुभव आपल्याकडे सगळ्यांना आहे. ग्रामपंचायती फायबरने जोडणारी भारतनेट योजना सुरुवातीला बरीचशी एका रेषेत टाकली गेली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत ती रिंगमध्ये आणण्यावर भर आहे, कारण रिंग एका जागी तुटली तर माहिती उलट्या बाजूने जाऊ शकते. मेशचं म्हणाल, तर २९ ऑक्टोबर १९६९ ला अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, पहिला संदेश गेला, तेव्हापासून एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला एकाहून जास्त वाटा असाव्यात हाच विचार राहिला आहे. पण तुमच्या तीस संगणकांचा पूर्ण मेश करायचा म्हटला तर प्रत्येकापासून प्रत्येकाला अशा ४३५ केबल लागतील. त्यामुळे तो विषय शाळेपुरता सोडून द्या.

आता तुमची शाळा. तुम्ही लिहिलंय की संगणक कक्षात आठ पोर्टचे चार स्विच एकापुढे एक जोडलेत, शेवटच्यातून कार्यालयाला केबल गेलीय आणि कार्यालयाच्या स्विचमधून शिक्षकांच्या खोलीत. म्हणजे तुमच्याकडे छोट्या छोट्या स्टारची साखळी आहे. ती चालते, पण दुसऱ्या स्विचचा अडॅप्टर गरम होऊन बंद पडला तर त्याच्या पुढचे सगळे जातात, आणि बघणाऱ्याला वाटतं कार्यालयात बिघाड आहे. नेटवर्कची मांडणी मी एकाच कसोटीवर तोलतो : बिघाड झाल्यावर तो कुठे आहे हे माहीतगार नसलेल्या शिक्षकालाही पाव तासात सांगता आलं पाहिजे. वेग, किंमत, सगळं त्यानंतर. साखळी या कसोटीवर नापास होते.

तरीही तुमचं दुपारचं दुखणं साखळीमुळे नसावं. स्विच मेला तर त्याच्यापुढचे सगळे संगणक एकत्र जातील. तुमच्याकडे शेजारशेजारच्या दोन संगणकांपैकी एक चालतो, एक नाही. म्हणून पत्त्यांकडे या.

प्रत्येक संगणकाला नेटवर्कवर एक आयपी पत्ता लागतो. शाळेच्या आतले पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या गटातले असतात. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले, हे ते गट. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. राउटर बाहेर जाताना ते बदलून आपला सार्वजनिक पत्ता लावतो. आत हे पत्ते वाटायचं कामही बहुतेक ठिकाणी तोच राउटर करतो, त्या सोयीला डीएचसीपी म्हणतात. संगणक चालू झाला की ‘मला पत्ता द्या’ अशी हाक सगळ्या नेटवर्कभर देतो. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता तो बहुधा घेतो. पत्त्यासोबत त्याला गेटवेही कळतो, म्हणजे बाहेर जायचं दार कोणतं ते.

आता शिक्षकांच्या खोलीतला राउटर आठवा. तो आणला, त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे आतल्या नेटवर्कसाठीच्या पोर्टमध्ये, केबल खोचली, वायफायला नाव दिलं आणि चालू झाला. पण त्याचीही पत्ते वाटायची सोय कारखान्यातूनच चालू असते. म्हणजे एकाच गल्लीत दोन वेगवेगळी माणसं घरांना आपापले क्रमांक लावत फिरताहेत. ज्या संगणकाने मुख्य राउटरकडून पत्ता घेतला त्याचं इंटरनेट चालतं. ज्याने दुसऱ्याकडून घेतला त्याला सांगितलेलं दार पुढे कुठेच उघडत नाही. दोघांनी वेगवेगळ्या गटातले पत्ते वाटले असतील, एकाने १९२.१६८.१ चे आणि दुसऱ्याने १९२.१६८.० चे, तर प्रिंटर एका गटाला दिसणार आणि दुसऱ्याला नाही. आणि दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ता चुकून सारखाच असेल तर आणखी वाईट. मग एकाच संगणकावरचं इंटरनेट मध्येच येतं, मध्येच जातं. बंद-चालू केल्यावर सुधारणं म्हणजे पुन्हा हाक गेली आणि या वेळी योग्य राउटरने आधी उत्तर दिलं, इतकंच. तो राउटर मधल्या सुट्टीत कुणी चालू करतं का, हे विचारून बघा. दुपारचं कोडं तिथेच सुटण्याची शक्यता बरीच आहे.

अर्थात हे तुमच्या मांडणीवर अवलंबून आहे आणि दुसरं एक कारणही असंच दिसतं. घरगुती राउटर वाटण्यासाठी ठेवलेले पत्ते कधी कधी थोडेच असतात, समजा १०० ते १४९, म्हणजे ५०. एकदा दिलेला पत्ता ठरलेल्या मुदतीपर्यंत, पुष्कळदा २४ तास, त्या यंत्राच्याच नावावर राहतो. शिक्षकांचे फोन, कुणाचा लॅपटॉप, वायफायचा पासवर्ड समजलेल्या मुलांचे फोन असं करत दुपारपर्यंत पन्नास संपतात आणि नंतर चालू झालेल्या संगणकाला पत्ताच उरत नाही.

दोन्हींतला फरक ओळखणं सोपं आहे. बंद पडलेल्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला कुणाकडूनच पत्ता मिळालेला नाही, त्याने स्वतःच एक लावून घेतलाय. मग एक तर पत्ते संपलेत किंवा केबलमध्ये दोष आहे. पत्ता नीट दिसतोय पण गेटवे शेजारच्या चालू संगणकापेक्षा वेगळा आहे, तर पत्ते वाटणारे दोन राउटर आहेत हे जवळपास नक्की. पहिल्या स्थितीत मुख्य राउटरमध्ये पत्त्यांची मर्यादा वाढवा आणि पत्त्याची मुदत कमी करा. दुसऱ्या स्थितीत शिक्षकांच्या खोलीतल्या राउटरमधला डीएचसीपी बंद करा, त्याला मुख्य राउटरच्या गटातला पण वेगळा स्वतःचा पत्ता द्या, आणि केबल लॅन पोर्टमध्येच ठेवा. बऱ्याच राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो, तो निवडला तर हे सगळं एका बटणावर होतं. यासाठी नवीन काहीच घ्यावं लागत नाही, म्हणून हे आधी करा. प्रिंटरला मात्र वाटपाच्या बाहेरचा एक कायमचा पत्ता देऊन टाका आणि तो प्रिंटरवर कागद चिकटवून लिहून ठेवा.

तपासण्याचा माझा क्रम नेहमी खालून वर असतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली नेटवर्कची सात स्तरांची रचना तुम्ही परीक्षेसाठी पाठ केली असेल. कामावर मी ती अशी वापरतो. स्विचवर आणि संगणकाच्या पोर्टवर दिवा लागतोय का? पत्ता मिळालाय का? गेटवेला पिंग मारल्यावर, म्हणजे छोटा चाचणी संदेश पाठवल्यावर, उत्तर येतंय का? ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, येतंय का? आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला? गेटवेपर्यंत उत्तर येतं आणि पुढे नाही, तर शाळेच्या आतलं काही उचकटू नका, सेवा देणाऱ्याला फोन करा. आकड्याला उत्तर येतं पण नावाला नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसमध्ये अडचण आहे. या पाच पायऱ्या कागदावर लिहून कक्षाच्या भिंतीवर लावा.

एक तिसरा बिघाड तुमच्याकडे अजून झालेला दिसत नाही, पण साखळीत तो कधीही होऊ शकतो. साफसफाईनंतर कुणी तरी मोकळी दिसलेली केबल स्विचच्या मोकळ्या पोर्टमध्ये खोचतं, आणि तिचं दुसरं टोकही त्याच नेटवर्कमध्ये असतं. याला आम्ही लूप लागला म्हणतो. सगळ्यांसाठीचा एक संदेश त्या गोलात शिरला की फिरतच राहतो, कारण इथरनेटवरच्या माहितीच्या पाकिटावर (फ्रेमवर) ‘इतक्या फेऱ्यांनंतर संपव’ अशी नोंदच नसते. काही क्षणांत सगळ्या स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकतात आणि अख्खं नेटवर्क ठप्प होतं. यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला. स्पॅनिंग ट्री नावाच्या त्या पद्धतीत स्विच आपापसात बोलून जादाची वाट स्वतःच बंद ठेवतात. पण तुमच्याकडच्यासारख्या साध्या, स्वस्त स्विचमध्ये ती सहसा नसते. असं झालं तर एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतात ती दोषी.

आता मांडणी बदलायचीच असेल तर कशी? कक्षात एका भिंतीवर छोटा रॅक लावा आणि सगळ्या २४ केबल थेट तिथे आणा. चार छोट्या स्विचऐवजी एक मोठा गिगाबिट स्विच. इथे एक गोष्ट खरेदीच्या वेळी हमखास विसरली जाते : २४ संगणकांना नुसता २४ पोर्टचा स्विच पुरत नाही, कारण राउटरकडे जाणाऱ्या केबललाही एक पोर्ट लागतो. २४ च्या वर जादा पोर्ट असलेला घ्या. राउटरजवळ आणखी एक आठ पोर्टचा स्विच, तो मुख्य. त्याला कक्ष, कार्यालय, शिक्षकांची खोली आणि विज्ञान इमारत अशा चार स्वतंत्र केबल. कार्यालयातलं काही बंद पडलं तर कक्षाला धक्का लागणार नाही, आणि मुख्य स्विचवरचा कोणता दिवा विझलाय यावरून बिघाडाची दिशा लगेच कळेल.

केबलच्या बाबतीत पैसे वाचवू नका. स्विच पाच-सात वर्षांनी बदलाल, पण भिंतीतली केबल पुन्हा कुणी ओढत नाही. कॅट-६ घ्या आणि घेताना तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती क्रिम्पिंगच्या जागी, म्हणजे कनेक्टर दाबून बसवतात तिथे, तुटते, आणि याच केबलवरून वीज घेणारे कॅमेरे लावलेत तर लांब अंतरावर विजेचा पुरेसा दाब पोहोचत नाही. एका ओढीची मर्यादा १०० मीटर, त्यात दोन्ही टोकांच्या छोट्या पॅच कॉर्डही मोजा. कनेक्टर लावताना रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा असला म्हणजे झालं, असं अनेक जण मानतात. ते पुरेसं नाही. तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर एकाच पिळाच्या दोन तारा यायला हव्यात. रंग ओळीने लावले तर साधा टेस्टर आठही दिवे हिरवे दाखवतो, पण पिळाचा उपयोग नाहीसा होतो आणि लांब केबलवर जोडणी सारखी सुटते. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा क्रम पाळा. एखाद्या संगणकाचा वेग गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसला, तर आठांपैकी एखादी तार लागलेली नाही असं आधी समजा, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच. आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढची सगळी दुरुस्ती त्यावर उभी असते.

‘मग केबल कशाला, सगळं वायफायवरच करू’ असं कुणी तरी बैठकीत म्हणेल. वायफायवर एका चॅनेलवर साधारणपणे एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीचे थांबतात. त्या अर्थाने ते जुन्या सामायिक केबलसारखंच वागतं. २४ मुलांनी एकदम ऑनलाइन चाचणी उघडली की ते जाणवतं. फोन आणि शिक्षकांच्या लॅपटॉपसाठी वायफाय, जागेवरून न हलणाऱ्या संगणकांना केबल, अशी वाटणी ठेवा.

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि शाळांत त्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. कार्यालयातल्या संगणकावर शालार्थचं पगारबिल तयार होतं, मुलांच्या नोंदी, जन्मतारखा, आधारची माहिती असते. तोच संगणक विद्यार्थ्यांच्या कक्षातल्या यंत्रांना आणि शिक्षकांच्या फोनना शेजारी म्हणून दिसतो. कक्षात कुणी पेनड्राइव्हमधून व्हायरस आणला तर तो कार्यालयापर्यंत पोहोचायला मध्ये काहीच आडवं येत नाही. हे वेगळं करण्याची नीट पद्धत म्हणजे व्हीलॅन. एकाच स्विचवर, त्याच केबलवर, वेगवेगळी आभासी नेटवर्क चालतात आणि त्यांच्यातून ये-जा फक्त राउटरने परवानगी दिली तरच होते. कार्यालयाला एक, कक्षाला दुसरं, वायफायला तिसरं, कॅमेऱ्यांना चौथं. त्यासाठी मॅनेज्ड, म्हणजे आतली सेटिंग बदलता येणारा, स्विच आणि व्हीलॅन समजणारा राउटर लागतो, आणि ते एकदा बसवून नोंदवून ठेवणारा माणूस लागतो. तसा माणूस हाताशी नसेल तर मी व्हीलॅनचा आग्रह धरणार नाही. अर्धवट समजून केलेली व्यवस्था पुढच्याला उलगडत नाही. अशा वेळी कार्यालयाला सरळ वेगळं इंटरनेट कनेक्शन आणि वेगळा स्विच द्या, कक्षाशी एकही केबल जोडू नका. महिन्याचा खर्च थोडा वाढेल, पण वेगळेपण डोळ्यांना दिसेल आणि कुणाच्याही हातून चुकून मोडलं तर लगेच कळेल.

राहिली विज्ञान इमारत. मैदानावरून हवेत लटकवलेली तांब्याची केबल पावसाळ्याआधी काढून टाका. जवळपास वीज पडली की त्या तारेत दाब तयार होतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जळतात, कधी पूर्ण स्विच. शिवाय दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, त्यामुळे वीज न पडताही तारेतून नको तो प्रवाह वाहू शकतो. तिथे धातू नसलेली, बाहेर वापरायची फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी पेटी, लावा. काचेतून वीज जात नाही आणि अंतराचाही प्रश्न राहत नाही.

काही विकत घेण्याआधी एक करा. दुपारी बिघाड चालू असतानाच एका चालणाऱ्या आणि एका न चालणाऱ्या संगणकावरचा आयपीकॉन्फिगचा निकाल टिपून घ्या, आणि कोणता स्विच कुठल्या स्विचला जोडलाय याची हाताने काढलेली आकृती करा. दोन्ही इथे टाका. गेटवे वेगळे निघाले तर शिक्षकांच्या खोलीतल्या राउटरचं मॉडेल सांगा, त्यात डीएचसीपी नेमका कुठे बंद करायचा ते लिहितो.